उजव्या सीटचं गाऱ्हाणं

जायची होते मी. गेले हे.

आज वर्ष झालं. सकाळपासून फोन चालू आहेत आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून मी दमलेय. म्हणून एकदाच इथे लिहिते.

आमची लाल गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलीय. निदान तिचा वास तरी घेतलाय. जेटीवरून बांगडे उचलायचे आणि शिरोड्यातल्या खानावळींना पोचवायचे, हा यांचा धंदा. सीटच्या फोममध्ये इतक्या वर्षांचा बांगडा मुरलेला.

मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मग मला कॅन्सर निघाला. केमोसाठी गोव्याला जायचं. जाताना कशीबशी जायचे, पण येताना त्या सीटवर बसलं की वासाने उलटी यायची. गाडी सारखी थांबवायला लागायची.

एकदा रस्त्याच्या कडेला बसून मी म्हटलं, "माका आता परत जावचा नाय. काय होयत ता घराकच होवंदे."

यांनी गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या आणि मला हळूहळू घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी हे बांद्याला गेले आणि टेम्पोतून दोन सीट घेऊन आले. आमच्याच गाडीचं नवीन मॉडेल, ॲक्सिडेंटमध्ये चेपलेलं. भंगारात त्याच्या पुढच्या सीट तेवढ्या धड होत्या.

"गाडी म्हातारी नि सीटी तरण्यो. बसतल्यो त्यो?"

"बसवल्यार बसतल्यो. तू नाय बसलंस माझ्या घरात?"

मग आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, गाडीचं ऑपरेशन सुरू झालं. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजून जाम. पाना लावला की पानाच घसरायचा. शेवटी हे माझी खोबरेल तेलाची बाटली घेऊन गेले.

"अहो, केसाक लावचा तेल ता बोल्टाक कित्याक?"

"तुझे केस खंय आसत आता? फुकट कित्याक घालवचा?"

मी इतकी हसले की खुर्चीला धरून बसावं लागलं. आजार निघाल्यापासून पहिल्यांदाच हसले होते.

जुन्या सीट निघाल्या, पण नव्या सीटचे पाय गाडीच्या भोकांवर बसेनात. हे लोखंडी पट्ट्या कापून आणत, वेल्डिंग करून घेत, परत मोजत, परत शिव्या घालत. वरून एका सीटची सरकायची रेल ॲक्सिडेंटमध्ये वाकलेली. म्हणजे दोन्हीतली एकच सीट पुढेमागे होणार.

धड रेल माझ्या बाजूला लावली. मला मागे सरकवून आडवं होता यावं म्हणून.

स्वतःची सीट स्वतःच्या टांगेच्या मापाने एका जागी ठोकून टाकली. नवी सीट उंच, त्यामुळे डोकं टपाला लागायचं. मान वाकडी करून गाडी चालवायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, "नवीन मॉडेल आसा, अशीच स्टाइल."

काम झाल्यावर नारळ आणला. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं घातल्याशिवाय, कशालाच हात लागत नाही. डाव्या, म्हणजे माझ्या सीटसमोर उभे राहून यांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या गाडयेत ही सीट बसवलेली आसा. हेच्यार बसान जी कोण गोव्याक जायत, तिका बरी करून परत घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं.

नारळ फोडला, पाणी सीटवर शिंपडलं, आणि हे हात धुवायला निघाले.

"अहो, तुमच्या सीटीचा गाराणा ऱ्हवला मा?"

"माका काय धाड भरलीहा?"

त्या सीटवर बसून मी सगळे केमो पुरे केले. रिपोर्ट चांगले आले. केस परत आले, तेव्हा खोबरेल तेलाची नवी बाटलीही हेच घेऊन आले.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी चेकअपला निघालो होतो. हे गाडीत जाऊन बसले. मी दाराला कुलूप लावत होते. इंजिन चालू होतं. मी म्हटलं, थांबलेत माझ्यासाठी.

जवळ गेले तर अंग खाली घसरून डोकं हेडरेस्टला टेकलेलं. मान कधी नव्हे ती सरळ होती.

गाऱ्हाणं राहिलं म्हणून असं झालं, असं मी मानत नाही. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला, तो मला कळतो. पण रोज सकाळी खळं झाडताना ती उजवी सीट दिसते आणि तेच डोक्यात येतं. याचाच मला फार थकवा आलाय.

लेक म्हणते, आई, गाडी विकून टाक. बघायला दोघंतिघं येऊनही गेले. मी दिली नाही. यंदा ड्रायव्हिंग क्लास लावला आणि शिकले. पण आमच्या गाडीत बसले तर माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट यांच्याच मापाची.

काल मेकॅनिक आला आणि बघून म्हणाला, "काकी, बोल्ट गंजलेत, कापूचे लागतले. कापू?"

मी घरात जाऊन खोबरेलची बाटली आणली आणि बोल्टांवर ओतली. तासभर वाट बघितली. नाहीच सुटले.

"काप," म्हटलं.

ग्राइंडरचा आवाज ऐकवेना, म्हणून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. रडले. सीट पुढे आली. आता पाय पोचतो.

उद्या चेकअप आहे. मीच गाडी काढणार आहे. आज संध्याकाळी उजव्या सीटसमोर नारळ ठेवून पहिल्यांदाच मी स्वतः गाऱ्हाणं घातलं. बायका घालत नाहीत, माहीत आहे.

"बा देवा म्हाराजा! ह्या सीटीर जो बसायचो, तो काय आता परत येवचो नाय. तेका थंय बरो ठेव. आणि आता जी बसतली, तिका सुखरूप परत घराक हाड रे म्हाराजा!"

आणि थांबले.

गाऱ्हाणं एकट्याने पुरं होत नाही. एकाने घालायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं. आमच्या खळ्यात दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून श्रद्धांजली वगैरे लिहू नका. त्यांना ते शब्द आवडलेही नसते.

जिथे असाल तिथून खाली एवढंच लिहा:

व्हय म्हाराजा.