सातवी मोरी

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. मी देव मानतो तो सणावारापुरता, आणि भूत तर तेवढंही मानत नाही. सगळी नोकरी रस्त्यावर गेली. चिंचेखालची हडळ, पिंपळावरचा मुंजा, वळणावर उभी राहणारी बाई... या सगळ्यांच्या हद्दीतून अंधारात एकटा चालत गेलोय, कुणी साधं नाव विचारलं नाही. नातसून इथले अनुभव वाचून दाखवते तेव्हा मी हसतो. आता तुम्ही हसा. शिक्षण चौथी, तीही धड नाही. नातसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते." म्हटलं नको, माझं मी लिहीन. एका बोटानं लिहितोय, चार दिवस लागलेत.

जागा नीट सांगतो. धायरी तेव्हा खेडं होतं, पुण्यात कुणी धरत नव्हतं. गाव संपलं की डोंगराच्या पायथ्यानं एक रस्ता जायचा. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला शेतं. त्या रस्त्यावर मी मैलकुली होतो. आताच्या लोकांना हा शब्द माहीत नसेल. सरकारी रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाकडे असायचा. खड्डे भरायचे, गटार काढायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा आणि पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करायच्या. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेली दगडी वाट, माणूस रांगत जाईल एवढी. माझ्या तुकड्यात सात मोऱ्या होत्या. ओव्हरसियर साहेब दुसऱ्या मैलकुलींना आणून माझा तुकडा दाखवायचे. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, खरं आहे.

गाडीखाली मेलेलं जनावर उचलणं हेही आमचंच काम. खडीचे ट्रक रात्रभर चालायचे, पहाटे आम्ही गोळा करायचो. ससे, मुंगसं, उदमांजर, एकदा तर तरस. बाकीचे पायानं कडेला ढकलून मोकळे व्हायचे. मी पुरायचो. कमरेइतका खड्डा आणि वर दगड. दगडही कसे, एकात एक बसवून, कुत्र्याला हलणार नाहीत असे. दगड रचायचं बापानं शिकवलं होतं. माझी रचाई मी हजारांत ओळखतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सातवी मोरी कोरडी होती. जुन्या पाटाची. पाट बंद पडला, मोरी तशीच राहिली. आत बारीक वाळू असायची आणि वाळूत रोज सकाळी पावलं. डोंगरातून शेताकडे, शेतातून डोंगराकडे. रस्त्याला पाय न लावता सगळा कारभार चालायचा. त्या जागी मी कधी मेलेलं जनावर उचललं नव्हतं... पण हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मोरीला लागून माझ्या मेहुण्याचं शेत. बाळू त्याचं नाव. त्याच्या कोंबड्या जायला लागल्या. एक दिवस पारावर चार माणसांत मला म्हणाला, "दाजी, तुमच्या मोरीतनं खोकड येतंय. पगारावर हाय का ते?" खोकड म्हणजे लहान कोल्हा, शेपटीचं टोक काळं. माणसं हसली. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी मोरीची दोन्ही तोंडं दगडांनी बंद केली. असं काम केलं की मांजराचं पिल्लू जाणार नाही.

घरी बायकोला सांगितलं तर मंडळी म्हणाल्या, "अहो, पाणी नसलं म्हणून काय झालं? कुणाची तरी वाट हाय ना ती?"

"रस्ता माझ्या ताब्यात आहे," मी म्हणालो.

"हाय ना. खोकडाला कळवलं का तसं?"

मी जेवून उठलो.

पंधरा दिवस गेले असतील. पहाटे गेलो तर बंद मोरीच्या बरोबर वर, डांबरावर, खोकड पडलेलं. मादी. अंग अजून गरम. डाव्या कानाला तिकोनी कातर, बसवाल्याच्या चिमट्यानं तिकीट कातरावं तशी. सडांत दूध होतं. पिल्लं डोंगरात असणार. मी खड्डा घेतला, पुरलं, दगड रचले.

आठवड्यानं तीच जागा, तशीच मादी. डाव्या कानाला तीच कातर. दूध. म्हटलं बहीण असेल. तिला कडेला ठेवून घरी आलो, बोललो तर मंडळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बहिणींचे कान एकसारखे कातरून देत्यात का?"

मी हट्टाला पेटलो. हिला खोटं पाडायचं. दुसरीला पुरायच्या आधी झाडांचा गेरू घेतला आणि उजव्या मागच्या पायाला, वरपासून खालपर्यंत, चोपडला. मग पुरलं. आता बघू म्हटलं.

पाच दिवसांनी ती पडली होती. कान तसाच. दूध तसंच. उजवा मागचा पाय लाल.

मी खाली बसलो. हात लावला. गरम. गेरू वाळलेला होता, नखानं खरवडला तर निघाला. पुढच्या तुकड्याचा मैलकुली ज्ञानोबा सायकलवर चालला होता, त्याला हाक मारली. दोघं खड्ड्यापाशी गेलो. दगड जसेच्या तसे. एकही हललेला नाही, फटीत गवताची काडी अडकली होती तीही शाबूत. एकेक दगड मी माझ्या हातानं काढला. खाली माती उकरली. आत काही नाही. केस नाही, हाड नाही, वास नाही. तळाच्या एका दगडाला तेवढा लाल डाग.

ज्ञानोबानं सायकल उचलली. म्हणाला, "अण्णा, मी आज या रस्त्यानं आलोच न्हाई. कुणी विचारलं तर तूही मला बघितलं न्हाईस."

"अरे पण तू बघितलंस ना?"

"मी सायकलची चेन बघत हुतो."

त्याच खड्ड्यात तिला परत पुरलं.

त्या दिवशी मंडळींनी टोमणा मारला नाही, चेष्टाही केली नाही. म्हणाल्या, "मोरी उघडा. आज उघडा. तिला पिल्लांकडं जायचंय."

"आणि बाळू काय म्हणेल?"

"बाळूला कोंबड्या मी देते माझ्या."

सोमवारी उघडतो म्हटलं. काम तास-दीड तासाचं. पण शनिवारी ओव्हरसियर साहेब आले, पावसाळ्याआधीची मोजणी करायला. वही काढली, विचारलं, "मोऱ्या किती?" मी म्हणालो, "सहा. एक कोरडी होती, मी बुजवली." साहेब म्हणाले, "बरं केलंस, कटकट गेली." आणि सहा लिहिले. आता सोमवारी मोरी उघडली तर साहेबांपुढे मी खोटा, बाळूपुढे मी हरलेला, बायकोपुढे मी चुकलेला. तीन ठिकाणी मान खाली घालायची. माझ्यानं ते झालं नाही. मोरी उघडली नाही.

त्या उन्हाळ्यात तिला आणखी दोनदा पुरलं. पाऊस लागला आणि ती यायची थांबली. मला वाटलं सुटलो. पुढच्या उन्हाळ्यात, पिल्लांच्या दिवसांत, परत. मग दर वर्षी. कधी दोनदा, कधी चारदा. गेरू पुसट झाला नाही. मी कुणाला बोललो नाही. पहाटे इतरांच्या आधी जायचो, पुरून यायचो, हात धुऊन चहा प्यायचो. मंडळींना माझ्या हाताच्या मातीवरून कळायचं. त्यांनी परत विषय काढला नाही. त्या गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत काढला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिटायर झालो आणि रस्ता रुंद करायला घेतला. तेव्हा मात्र गेलो. तरुण इंजिनियर होता, नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरलेला. म्हटलं, "साहेब, इथं खाली एक मोरी आहे. ती उघडी ठेवा."

त्यानं बोट फिरवलं. "आजोबा, या पट्ट्यात सहाच आहेत."

"सात आहेत. मी साफ केल्यात."

"रेकॉर्ड सहाचं आहे. त्या काळात कुणीतरी जागेवर मोजूनच लिहिलं असेल ना?"

कुणी मोजलं ते मला माहीत होतं. मला सांगता आलं असतं. चार मजूर बघत उभे होते, त्यातला एक माझ्या हाताखाली काम केलेला. मी म्हणालो, "असेल." दोन दिवसांत तिथं काँक्रीट पडलं, मध्ये दुभाजक आला. दोन्ही बाजूंना फूटपाथ झाले, त्यावर ब्लॉक बसले. तिला मी पुरायचो त्या जागेवर आता बसथांबा आहे. बाळूच्या शेतावर सोसायटी झाली, तिथंच आम्ही राहतो, तिसरा मजला. गॅलरीतून ती जागा दिसते. मी बघत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एक ताई सोसायटीत आल्या. कॉलेजच्या. रस्त्यावर मरणाऱ्या जनावरांचे फोटो काढून नोंद ठेवतात. जुनी माणसं कुठली जनावरं बघायची ते विचारत होत्या. मी नावं सांगितली. खोकड म्हटल्यावर म्हणाल्या, "आजोबा, खोकड इथं आता नाहीच. डोंगराच्या चारी बाजूंनी इमारती, येणार कुठून? म्हणून तर मला कळेना..." आणि मोबाईल पुढं केला. "हे मागच्या आठवड्यात, पहाटे, बसथांब्यापुढं. दूध पाजणारी मादी आहे. आणि हे बघा, मागच्या पायाला काहीतरी लाल लागलंय. रक्त नाही. रंग वाटतो."

कानाकडे मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

विचारलं, "उचललं कुणी?"

"कचऱ्याच्या गाडीनं नेलं असेल."

म्हणजे मी पुरत नाही तेव्हाही ती येतेच आहे. इतकी वर्षं मी समजत होतो की मी पुरतो म्हणून ती उठते.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची पहार काढली आणि गेलो. फूटपाथच्या कडेला, जिथं मोरीचं तोंड होतं, तिथं घाव घातले. चौथ्या घावाला हात सुटला. काँक्रीटवर पांढरे ओरखडे उठले, बाकी काही नाही. सोसायटीचा वॉचमन धावत आला. "आजोबा, काय हरवलंय?"

म्हटलं, "मोरी."

त्यानं पहार काढून घेतली, रिक्षात बसवावं तसं धरून मला लिफ्टमध्ये बसवलं. पहार अजून त्याच्या केबिनमध्ये आहे. नातू म्हणतो, राहू दे तिथंच.

याचं कारण मला माहीत नाही. इथं शिकलेले पुष्कळ आहेत, कुणी सांगेल दुसरी मादी असेल, कुणी सांगेल कुत्र्यांनी उकरलं असेल. सांगू नका. दगड मी रचले होते, मीच काढले. ती कशी येते ते मला कळलं नाही आणि आता कळणारही नाही. तिला कुठं जायचंय तेवढं माहीत आहे. पिल्लंच नाहीत आता तिथं, पण तिला कोण सांगणार.

ज्ञानोबा गेला. साहेब गेले. त्या वहीचं काय झालं माहीत नाही. त्या रस्त्याला मोऱ्या सात होत्या. सहा नाही, सात. सातवी मी बुजवली. कुठंतरी लिहिलेलं असावं, म्हणून इथं लिहिलं.