मिचिको-सानच्या हातचे तांदूळ

२००६ च्या मार्चात आम्ही केंब्रिजहून ब्रिस्टलला निघालो, तेव्हा माझ्या बायकोच्या, मेधाच्या, पिशवीत ओटीचं सगळं सामान होतं. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि मुद्दाम लंडनमधल्या ईलिंगहून आणलेला नारळ. तिला दहावा आठवडा होता. आधीची दोन बाळं बारा आठवड्यांपलीकडे टिकली नव्हती. ऑफिसातल्या एका जपानी मैत्रिणीने तिला सांगितलं होतं, ब्रिस्टलला एका बाईंच्या परसात इनारीचं (भाताची आणि संततीची देवता) देऊळ आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी ट्रेनमध्ये दोनदा ऐकवलं.

पावसात रस्ता चुकत कसेबसे पोचलो. त्या बाई, मिचिको-सान, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या. ओल्या हिरवळीवर तोरी (लाल लाकडी कमान) आणि तिच्यामागे छातीएवढं देऊळ. दोन्ही बाजूंना दगडी कोल्हे, गळ्यात लाल लाळेरी. ती बघून मेधाने मान फिरवली. बाईंनी आम्हाला तळलेल्या टोफूत भरलेला गोडसर भात खायला दिला. हे देऊळ त्यांच्या इंग्रज नवऱ्याने बांधलं होतं, मूल व्हावं म्हणून. ते झालं नाही, आणि गेल्या हिवाळ्यात नवराही गेला.

मेधाने ओटी वाहिली. देवापुढचं थोडं भक्ताला परत द्यायचं असतं, असं सांगून बाईंनी ओंजळभर तांदूळ उचलले. मेधाने लगेच ओढणी पसरली.

"मेधा, त्यांच्या हातून नको," मी म्हणालो आणि ओढणीचं टोक ओढलं.

विधवेने ओटी भरायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत, असं मी लोकांना अभिमानाने सांगतो. तांदूळ हिरवळीवर सांडले. बाईंना मराठी येत नव्हतं, पण माझा हात त्यांना बरोबर कळला. त्या खाली बसून एकेक दाणा वेचू लागल्या. मेधाही शेजारी बसली. मी उभाच राहिलो, मेल्याहून मेल्यासारखा.

परतताना मेधा एवढंच म्हणाली की फोन करून त्यांची माफी माग. मी ते उद्यावर ढकलत राहिलो.

दोन आठवड्यांनी स्कॅनच्या खोलीत बाळाचे ठोके सापडले नाहीत. आम्ही हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये आलो. मेधा म्हणाली, "आता तरी त्यांना फोन कर ना. शी इज ऑल अलोन तिथे."

मी तिथूनच फोन लावला. माफीचं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. पण माझं नाव ऐकताच बाईंनी आधी बाळाची चौकशी केली. रोज सकाळी त्या इनारीपुढे मेधाच्या नावाने मूठभर भात ठेवत होत्या. मी फोन मेधाच्या हातात दिला.