गवताच्या रंगाचा शर्ट

कपड्याच्या दुकानात गेल्यावर आमच्या वन्सं शर्ट अंगाला लावून पाहत नसत. तो घेऊन त्या थेट रस्त्यावर जात, एका बाहीत हात घालत आणि तो हात सूर्यासमोर धरत. कापडातून बोटं वेगवेगळी दिसली की शर्ट परत. नवी पेठेतला एक दुकानदार पहिल्यांदा त्यांच्यामागे धावतच बाहेर आला होता. “बाई, आत बघा की. असं घेऊन निघालात तर लोकांना काय वाटंल?” वन्संनी मान वळवली नाही. “माझी पाचही बोटं दिसतायत. ऊन आत येतंय,” एवढंच म्हणाल्या. दुकानदार वैतागून म्हणाला, “मग तुम्हाला शर्ट नको बाई, चादर पाहिजे. सोलापुरात आहात, चादरीला काय तोटा?” यावर मात्र त्या हसल्या आणि दुसरा शर्ट मागितला.

मुलांनो, या वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी. तुम्ही तिला फार तर दोनदा पाहिलं असेल. सई, परवा तू फोनवर विचारलंस, “आजी, ट्रेकसाठी हलका शर्ट कुठला घेऊ? तिथे ऊनही खूप आहे आणि डासही.” मी म्हणाले, लिहून कळवते. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

वन्सं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर आमच्याच घरी, वरच्या खोलीत राहायला आल्या. त्यांचा सगळा जीव गवतात. शहराबाहेरच्या ज्या माळाला लोक ओसाड म्हणत, तिथे त्या पहाटे जाऊन दुपारी परतत आणि येताना पवन्या, मारवेल, कुसळीची रोपं मुळासकट आणत. कोणी म्हणालं की तिथे काही नाही, तर त्यांना राग येई. “काही नाही असं म्हणायचं आणि मग नांगर घालायचा, नाहीतर प्लॉट पाडायचे,” त्या म्हणत. माळ दर वर्षी थोडा थोडा आत सरकत होता. तो संपण्याआधी त्यातलं जमेल तेवढं गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये जगवायचं, हे त्यांनी ठरवलं होतं.

आणि नेमकं त्यांनाच ऊन सोसेनासं झालं. आधी गालांवर लाल चट्टे उठले, मग बोटांचे सांधे सुजले, मग ताप येऊ लागला. डॉक्टरांनी ल्युपस असल्याचं सांगितलं. शरीराची राखण करणारी शक्ती शरीरावरच उलटते आणि उन्हाने ती आणखी चवताळते, असा हा आजार. त्यावरची औषधं ती शक्तीच दाबून टाकतात. म्हणून डॉक्टर म्हणाले, “ऊन टाळा, आणि कीटक चावणंही टाळा. साधा तापसुद्धा तुम्हाला महागात पडेल. माळावर जाणं आता बंद.” वन्संनी शांतपणे विचारलं, “बंद म्हणजे झाकून गेलं तरी बंद?” डॉक्टर म्हणाले, “पूर्ण झाकून जाणार असाल, तर बघा.” या एका वाक्यावर त्या पुढची वर्षं जगल्या. घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, “वहिनी, आता प्रश्न फक्त कापडाचा आहे.”

तेव्हापासून शर्टाचा शोध सुरू झाला. सुती शर्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला, कारण घामाने तो पाठीला चिकटे. “चिकटलेल्या कापडातून डास आरामात चावतो, आणि ओलं कापड ऊनही अडवत नाही.” तुमच्या बाबांनी तिकडून एक भारी ट्रेकिंगचा शर्ट पाठवला. अगदी पिसासारखा हलका, पण गडद निळा, आणि पाठीवर वारा खेळावा म्हणून जाळी लावलेली. वन्संनी जाळीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, “त्याने पाठीला खिडकी ठेवली आहे. आणि निळ्यावर माश्या बसतात. चांगला मुलगा आहे, पण माळावर गेलेला नाही.” डास पळवणारं औषध मारलेला शर्टही मिळतो असं मी सांगून पाहिलं. त्यांची कातडी साध्या साबणानेही पेटत असे, म्हणून तोही नको.

शेवटी कापड मिळालं ते शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात. पातळ, पण घट्ट विणीचं, वाळलेल्या गवताच्या रंगाचं. वन्संनी ते उन्हात धरलं. बोटं दिसली नाहीत. मग पिशवीतून एक कुसळ काढून कापडात टोचून पाहिलं. ते आत शिरलं नाही. तिथल्या शिंप्याला त्यांनी सैल माप दिलं, कॉलर कानाच्या पाळीपर्यंत उंच, आणि बाह्या हाताच्या पाठीवर येतील इतक्या लांब. त्या सरकू नयेत म्हणून बाहीच्या टोकाला अंगठा घालायला काज. शिंपी म्हणाला, “बाई, काज हितं आलं तर बटन कुटं लावू?” वन्सं म्हणाल्या, “बटण माझ्या हाताला आहे,” आणि अंगठा दाखवला.

त्या शर्टात त्या पुन्हा माळावर जाऊ लागल्या. कधीकधी मीही जात असे. मेंढ्या घेऊन येणारी एक म्हातारी धनगरीण तिथे भेटायची. तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “एवढं झाकून कुटं निघालाय बाई? अंगाला काय झालंय व्हय?” वन्सं म्हणाल्या, “ऊन लागतं मला.” म्हातारीला ते पटलं नाही. “ऊन तर समद्यास्नीच लागतंय की.” वन्संना हे उत्तर फार आवडलं. बरं वाटत नसेल त्या दिवशी त्या स्वतःशीच ते म्हणत आणि शर्ट चढवत.

त्यांची आणखी एक सवय सांगते. सूर्य पुरता मावळला की त्या शर्ट काढून खुंटीला टांगत आणि बिनबाह्यांच्या झग्यात गच्चीवर जाऊन कुंड्यांमध्ये बसत. “दिवसभर पिशवीत असते मी. आता मला बाहेर काढा,” असं म्हणून दोन्ही हात लांब पसरत. काळोख पडेपर्यंत त्या तशाच बसत, एकेका गवताच्या पात्यावरून बोट फिरवत. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पिंपं भरून ठेवावी लागतात आणि मी ती झाकून ठेवते. वन्सं पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नसत. प्रत्येक कुंडीखाली त्यांनी खोल बशी ठेवली होती. वरून घातलेलं पाणी बशीत उतरावं आणि नळाच्या पुढच्या पाळीपर्यंत मुळांनी ते प्यावं, अशी त्यांची सोय.

मागच्या वर्षी, पावसाळा सरत असताना, त्यांना ताप भरला. आम्हाला वाटलं, नेहमीचा असेल. तपासणीत डेंग्यू निघाला. औषधांनी आधीच पोकळ झालेलं शरीर त्याला तोंड देईना. दवाखान्यात हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तरी त्या हिशेब लावत होत्या. “माळावर एकही डास चावला नाही, वहिनी. मी रोज घरी येऊन अंग तपासते. शर्टात कुठे फट राहिली असेल?” मी घरून शर्ट नेला. त्यांनी पडल्या पडल्या बाही दिव्यासमोर धरायला लावली, कॉलर तपासायला लावली. फट कुठेच नव्हती. मग थकून डोळे मिटले आणि म्हणाल्या, “बशा भरून ठेवा. पाणी यायला अवकाश आहे.” त्यानंतर मोठं असं काही त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

तेरावं व्हायच्या आत महापालिकेची एक बाई डासांच्या अळ्या शोधत आली. माझी पिंपं पाहून म्हणाली, “लई चांगली झाकलीत की, आजी.” मग ती गच्चीवर गेली. थोड्या वेळाने तिने मला वर बोलावलं. एका बशीत तिने बॅटरीचा उजेड पाडला होता आणि पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. “ह्यो डास हितंच घरात ऱ्हातो, आजी. दिवसा चावतो, आन् दिवस मावळताना जास्त. चांगल्या पाण्यात हुतो. ह्या बशा कुनाच्या?” मी सांगितलं, माझ्या नणंदेच्या. ती म्हणाली, “त्यांना सांगा, रिकाम्या ठेवत जा म्हनावं.” मी बरं म्हणाले. मग दोघींनी मिळून सगळ्या बशा उलट्या केल्या.

याच डासाने त्या गेल्या असं खात्रीने कोणी सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. गवत अजून गच्चीवर आहे, बशांशिवाय. त्यातलं निम्मं या उन्हाळ्यात वाळलं. शर्ट मी धुतला नाही. घडी घालताना डाव्या बाहीच्या काजात एक कुसळ अडकलेलं दिसलं, ते तसंच राहू दिलं.

तर सई, शर्ट फिक्या रंगाचा घे, सैल, घट्ट विणीचा. बाही हाताच्या पाठीवर आली पाहिजे. दुकानाबाहेर नेऊन उन्हात बघ, कोणी हसलं तरी. तू मागच्या ट्रेकचा फोटो पाठवला होतास. मागे सूर्य बुडतोय, तुझा शर्ट कमरेला बांधलेला आणि दोन्ही उघडे हात लांब पसरलेले. सगळ्यांना तो फोटो फार आवडला. मला तो नीट पाहवला नाही. ऊन उतरलं म्हणून शर्ट काढू नकोस, बाळा.