हरलेल्याचा दुधी

व्याही गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधी कापत होतो. रविवारची सकाळ होती. ठाकुर्लीच्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, सारख्या मापाचे दोन दुधी आडवे टाकले होते. एक उभा चिरून तसाच ठेवला होता आणि दुसऱ्याचं मागचं टोक सुरीने सरळ उडवत होतो. फोन माझ्या मुलीचा, प्राचीचा होता. "बाबा, पप्पा गेले..." एवढंच म्हणाली. पप्पा म्हणजे तिचे सासरे, हिराजीशेठ. मी सुरी खाली ठेवली आणि बायकोला म्हटलं, "आज चाचणी नाही." तिला तेवढ्यावरच कळलं. दुसऱ्या कुठल्या घरात या वाक्याचा काही अर्थ लागला नसता. तो तुम्हालाही लागावा म्हणून हे लिहायला बसलोय, आणि आधीच सांगून ठेवतो, रडगाणं गाण्याचा माझा बेत नाही. हिराजीशेठ आठवले की मला आधी चेव येतो. डोळे भरतात ते नंतर.

आमची पहिली भेट म्हणजे लग्नाची बैठक. प्राची आणि निलेश एकाच ऑफिसात, दोघांचं ठरलेलं होतं, आम्ही थोरांनी फक्त माना डोलवायच्या होत्या. कोपरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला हिराजीशेठांचं घर. पुढे ओटा, ओट्यासमोर धक्का, धक्क्याच्या कडेला चिखलात चार लाकडांवर चढवून ठेवलेली एक जुनी होडी. ती त्यांच्या वडिलांची. दोन्ही टोकांना निमुळती, शेंगेसारखी. मागचा भाग कुजला होता. मी मूळचा देवगडकडचा. आजोबांची होडी अशीच होती, फक्त तिला बाजूला तोल सांभाळणारी उलांडी होती. पोहे खाता खाता मी होडीचं कौतुक केलं, तर हिराजीशेठ सहज म्हणाले, "आता तिचा मागचा भाग कापून सपाट फली लावायची हाय. मंग इंजिन बसंल." माझ्या तोंडून निघून गेलं, "कापताय कशाला? वाटोळं होईल तिचं!" देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलायला जमलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. प्राचीचा चेहरा उतरला, तिला वाटलं बापाने सोयरीक मोडली. हिराजीशेठ उठले, आपली खुर्ची उचलून माझ्या समोर आणून ठेवली आणि व्याह्याचा याही, होडीची होरी करणाऱ्या आपल्या बोलीत म्हणाले, "याही, कचेरीन बसून होरी शिकलाव का?"

मी ठाण्याच्या कचेरीत उभा जन्म काढला हे खरं. तेही ठाण्यालाच एका कारखान्यात फिटर होते. पण होडी मी कचेरीत शिकलो नव्हतो, आजोबांच्या मांडीवर शिकलो होतो, आणि ते मी त्यांना त्याच दमात ऐकवलं. आमच्याकडे समुद्र उघडा. किनाऱ्याला परत येताना लाट मागून येते. होडीची पाठ टोकदार असली की लाट दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. पाठ सपाट असली की तीच लाट थाडकन फळीवर आदळते, होडीला आडवी फिरवते आणि मग माणसं पाण्यात, मासे परत समुद्रात. हिराजीशेठांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमचे खारीन लाट हाय कुटं? हितं चिखल हाय." ओहोटीला होडी चिखलात बसली की रुंद पाठीची होडी सरळ बसते, दोघांना मागे उभं राहून जाळं ओढता येतं, आणि "टोकावं इंजिन बसत नाय, मंग काय डोक्यावं घेऊ?" दोन तास चाललं. मानपानाचं सगळं बायकांनी आत चुलीपाशी बसून उरकलं. आमच्या लग्नघरात एकही रुसवाफुगवा झाला नाही याचं श्रेय लोक अजून आम्हाला देतात. खरं सांगायचं तर रुसायला आम्हाला वेळच मिळाला नाही.

त्या होडीत त्यांचं एक स्वप्न होतं, ते मात्र हळूहळू कळलं. उभ्या हयातीत ते ठाण्याला गेले ते गाडीने, घामाच्या गर्दीत, घड्याळाकडे बघत. एकदा, फक्त एकदा, वडिलांच्या होडीच्या मागे इंजिन लावून, विहीणबाईंना पुढे बसवून, खाडीतून थेट ठाण्यापर्यंत जायचं होतं त्यांना. "तिकीट नाय, फाटक नाय. वाऱ्यावर जायाचं," म्हणायचे. वाऱ्यावर हा त्यांचा लाडका शब्द. चालायचे तेही तसेच, लग्नाच्या वरातीत नवऱ्याच्या घोड्याच्या पुढे दोन गल्ल्या. पण होडी वडिलांची, आणि मी असा मध्ये आडवा पडलेला. शेवटी आमच्यात करार झाला. दोघांनाही पटल्याशिवाय तिला करवत लावायची नाही.

मग पटवापटवी सुरू झाली. एकदा त्यांच्या पुतण्याच्या फायबरच्या होडीत मला बसवलं. मागे सपाट फळी, फळीवर इंजिन. हिराजीशेठांनी मूठ पिळली आणि होडीने नाक वर केलं, मग पाठ उचलली, मग ती पाण्यावरून अशी सुटली की माझी टोपी गेली, चष्मा जाता जाता वाचला, आणि मी, सत्तरीला टेकलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा ओरडलो. "बगलाव?" ते इंजिनाच्या आवाजावर ओरडले. "टोकदार असती तं मागून खाली बसली असती, कोंबरीसारकी!" मला मजा आली होती हे मी कबूल केलं. बाकी काही कबूल केलं नाही. म्हटलं, ही इंजिनाची करामत, पाठीची नाही. पुरावा द्या.

पुराव्याची युक्ती त्यांनीच काढली आणि ती आठवली की आजही मला टाळी द्यावीशी वाटते. हातभर काठी घ्यायची, तिच्या बरोबर मध्यावर दोरी बांधायची. काठीच्या दोन टोकांना सारख्या लांबीच्या सुतळ्यांनी दोन होड्या बांधायच्या आणि मधल्या दोरीने काठी पाण्यावरून ओढत न्यायची. जी होडी पाण्यात जास्त अडते, तिच्या बाजूचं टोक मागे पडतं. वाद संपला! होड्यांसाठी लाकूड तासायला कुणाला वेळ होता? विहीणबाईंच्या टोपलीत दुधी होते. दोन सारखे दुधी घेऊन उभे चिरायचे, दोघांचा एकेक अर्धा भाग घ्यायचा, देठाची बाजू पुढे, एकाची पाठ तशीच निमुळती, दुसऱ्याची सरळ कापलेली. ताजव्यात घालून वजन जुळवायचं, कमी पडलं तर खिळे टोचायचे. भरतीचं पाणी धक्क्याला लागून थांबलं की लांब बांबूला दोरी बांधून काठावरून चालत सुटायचं. नियम एकच, हरलेल्याचा दुधी हरलेल्याने खायचा. हिराजीशेठ दुधीला हात लावत नसत. "होरी खातं का कुनी?" असं म्हणायचे.

पहिल्या रविवारी मी बांबू धरला. टोकदार दुधी स्वच्छ पुढे. मी उड्या मारायचाच बाकी होतो. "द्या हिकरं," म्हणून त्यांनी बांबू घेतला, आणि काय सांगू, सपाट दुधी पुढे! पुन्हा मी, पुन्हा टोकदार. पुन्हा ते, पुन्हा सपाट. दुधी बदलले, सुतळ्या बदलल्या, काठी उलटी केली. मी म्हटलं तुम्ही बांबू तिरका धरता, ते म्हणाले तुम्ही फुंकर मारता. अख्खा उन्हाळा असा गेला. दोघंही जिंकत असल्यामुळे भाजी बायकांना खावी लागे. शेवटी एका रविवारी विहीणबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांनी जुडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "अवो, तुमी दोगं येडं का खुलं? याही चालतान गोगलगायीसारकं, न् ये धावतान! हलू वडली का टोकाची पुढं येतं, जोरानं वडली का सपाट पुढं येतं. मी कवापासून बगतंय." काखेत कळसा आणि गावाला वळसा! मग आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या चालीने चालून बघितलं. हळू गेलं की मी जिंकायचो, जोरात गेलं की ते. माझ्या आजोबांना वल्हं होतं, वारा होता. हिराजीशेठांना इंजिन हवं होतं. दोन्ही म्हातारे खरे ठरले होते, आणि वाद मात्र होता तिथेच राहिला होता. "बाप हलू जायचा," हिराजीशेठ होडीकडे बघत म्हणाले, "मी जोरान जानार." सुतार ठरवायचं तेवढं बाकी होतं... आणि मग त्यांचं पोट दुखायला लागलं.

दुखणं साधं नव्हतं. ठाण्याच्या हॉस्पिटलात महिनाभर होते. मी रोज दुपारी जायचो. डॉक्टरांनी त्यांना थोडं थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही व्हरांड्यातून चालायचो, त्यांचा एक हात भिंतीवर, एक माझ्या खांद्यावर. त्यांच्याबरोबर चालताना मला धाप न लागण्याची ती पहिलीच वेळ. एका दुपारी ते मध्येच थांबले, खाली आमच्या पायांकडे बघितलं आणि हसले. "याही, आता आपली दोगांची चाल येकच झाली... हलू. म्हंजे तुमचीच होरी पुढं. तुमी जिकलाव." मी काहीतरी बोलायला गेलो तर हात दाबून म्हणाले, "निलेशला सांगून ठेवलंय. बापाची होरी हाय तशी टोकाचीच ठेव. इंजिन-बिंजिन नको." खोलीत परत आलो तेव्हा जेवणाचं ताट आलं होतं. पथ्याचं जेवण, त्यात दुधीची भाजी. त्यांनी ताट जवळ ओढलं. "हरलो ना? मंग खावा लागंल." आणि तो माणूस एकेक फोड तोंडात घालत सगळी वाटी संपवून मोकळा झाला. पाच वर्षं मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला टपून बसलो होतो, आणि ते आलं तेव्हा मला ते अजिबात नको होतं. मी चक्क भांडलो. म्हटलं, "हे चालणार नाही, आजारी माणसाचा निकाल मी धरत नाही. घरी चला, पुन्हा चाचणी घेऊ. तुम्ही खुर्चीत बसा, मी ओढतो." "तुमी वडनार?" ते म्हणाले. "मंग झालंच." पण डोळ्यांत जुनी चमक आली होती. त्यांना घरी आणलं, रविवार ठरला, मी सकाळी उठून दुधी कापायला घेतले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा निलेशने मला धक्क्यावर नेलं. सुतार येऊन होडी बघून गेला होता. "बाबा, पप्पा बोललेले टोकदारच ठेव. पण मम्मी बोलते, याह्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुम्ही सांगा, करू ना तसंच?" आजोबांची शपथ, एक क्षण मला मोह झाला. होडी माझ्या बाजूची, हरणाऱ्याने स्वतः दिलेला निकाल, वर जावई हात जोडून उभा. पण त्या कुजलेल्या पाठीकडे बघताना मला तो व्हरांडा दिसायला लागला. "रविवारी सांगतो," म्हटलं.

रविवारी मी दोन दुधी घेऊन एकटाच गेलो. गुडघ्याला पट्टा बांधला होता. भरती लागली होती, पाणी थांबलं होतं. काठी त्यांच्या ओट्यावर खुंटीला होती तशीच होती. सुतळ्या बांधल्या, बांबू धरला आणि चालायला लागलो. मला वाटत होतं मी जोरात चालतोय. खाली बघितलं तर टोकदार दुधी पुढे, आरामात. परत फिरलो, परत चाललो, परत तेच. तिसऱ्यांदा वळलो तर विहीणबाई ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. हिराजीशेठ गेल्यापासून त्या माजघराबाहेर आल्या नव्हत्या. "याही," त्या म्हणाल्या, "हलू चालताव." मी म्हटलं, "गुडघा साथ देत नाही हो..." त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि तो काढून एकदम ओरडल्या, "धावा!"

आणि मी धावलो. काय दिसलो असेन ते मला नका विचारू. लुंगी वर खोचलेला म्हातारा, हातात बांबू, मागे पाण्यात दोन दुधी. पलीकडच्या टॉवरच्या गॅलरीतून माणसं बघत होती. बघू देत. छाती भात्यासारखी चालली होती, गुडघा शिव्या घालत होता, आणि विहीणबाई मागून "धावा, धावा!" करत धक्क्यावर उतरल्या होत्या. धक्क्याच्या टोकाला येता येता काठी हलली. माझ्या बाजूचं टोक मागे पडायला लागलं, टोकदार दुधीने बूड खाली टेकवलं, आणि सपाट पाठीचा दुधी पाणी सोडून सुटला... वाऱ्यावर. मी तिथेच फतकल मारून बसलो. श्वास परत आल्यावर निलेशला हाक मारली आणि सांगितलं, "सुताराला बोलव. पाठ सपाट कर, फळी चांगली जाड घाल. आणि इंजिन बघून ठेव, ठाण्यापर्यंत जायचंय. आईला पुढे बसवायचं."

होडीला नवी फळी लागली आहे. रंग अजून ओला आहे, पुढच्या भरतीला ती पाण्यात उतरेल. त्या रविवारी मात्र मला जेवायला ठेवून घेतलं होतं. टोकदार दुधी विहीणबाईंनी स्वतः चिरला, खिळे काढून, आणि भाजीची वाटी माझ्यापुढे ठेवून समोर बसल्या. भाजी थोडी खारट झाली होती, खाडीच्या पाण्याने असेल किंवा कशाने. मी दोनदा मागून घेतली.