केदारीसाहेबांची सागवानी खुर्ची

बातमी आली तेव्हा मी उल्हासनगरच्या माझ्या दुकानात एका सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तुटकी स्प्रिंग शोधत होतो. शेजारचे मोहनभाई दारातूनच म्हणाले, "दादा, तुमचे केदारीसाहेब गेले... शिरगावला, घरीच. झोपेत." मी म्हटलं, "झोपेत? शक्यच नाही, भाई. तो माणूस उभी नोकरी एक डोळा उघडा ठेवून झोपला!" मग हात बराच वेळ सोफ्यातच राहिला...

पोलीस उपायुक्त म्हणून अंबरनाथ-बदलापूर त्यांच्या मुठीत होतं. त्यांची जीप वळली की रिक्षांचे मीटर आपोआप पडत आणि आमच्या बाजारात डुप्लिकेट मालाची लेबलं घामाने सुटून येत. हे पसरवलेलं मीच, आणि साहेबांना ते ठाऊक होतं. "आणखी थोडं वाढवा," म्हणायचे, "तेवढे शिपाई कमी लागतात." एमआयडीसीतल्या संपात त्यांनी चालवलेल्या लाठ्या मात्र मी वाढवून सांगत नाही. होत्या तेवढ्याच पुष्कळ होत्या.

एका दुपारी माझा टेम्पोवाला बबन त्यांच्या घरासाठी नवी सागवानी खुर्ची घेऊन निघाला आणि खरवईच्या नव्या बिल्डिंगांत वाट चुकला. एका लहान मुलीला त्याने पत्ता विचारला, वर लिमलेटची गोळी दिली. झालं! 'पोरं पळवणारा' म्हणून त्याचा फोटो मोबाईलवर फिरला. दोन शिपायांनी त्याला टेम्पोसकट चौकीवर आणून कसाबसा आत ओढला. मी पोचलो तेव्हा बाहेर अख्खं बदलापूर... बरं, तीनशे माणसं तरी होती, हातात दगड. बाकी सगळा बंदोबस्त मिरवणुकीला गेलेला. बबन टेबलाखाली.

साहेब घरून आले. साध्या शर्टात, एकटे.

"दादा, माझी खुर्ची कुठाय?"

"साहेब, इथं पोराचा जीव चाललाय!"

"म्हणूनच. उतरवा टेम्पोतून."

चौकीच्या दारात खुर्ची मांडून ते बसले. दार अडलं. "बाहेर काढा त्याला!" गर्दी ओरडली. "काढू की. चहा सांगितलाय, तो तर पिऊ द्या." पुढचा एकजण दगड उचलून तसाच थांबला. उभ्या माणसावर धावून जाता येतं, पण चहा पिणाऱ्यावर पहिला दगड टाकायचा कुणी? साहेब ओठ न हलवता मला म्हणाले, "तुमची फेकाफेक आज लागेल."

मी गर्दीत शिरलो. "मागच्या गल्लीत दोन गाड्या भरून फोर्स आहे, भाऊ. साहेबांचा चहा संपायची वाट बघतायत..." तिसऱ्या कानापर्यंत पाच गाड्या झाल्या. मागची माणसं सरकू लागली. साहेबांचा कप डाव्या हातात, उजवा खुर्चीच्या हातावर, जराही न हलणारा. कप केव्हाच रिकामा झाला होता, तरी ते पीतच होते. शेवटी त्या मुलीची आई वाट काढत पुढे आली. "अहो, ही म्हणतेय काकांनी फक्त पत्ता विचारला." दगड एकेक करून खाली पडले.

परवा वहिनींनी ती खुर्ची दुकानात पाठवली. "पॉलिश करून द्या, भावजी. लेक नेणार आहे." आणली बबननेच. उलटी केली तर उजव्या हाताच्या खालच्या बाजूला नखांनी खरवडलेल्या चार रेघा, पार लाकडापर्यंत...

हा किस्सा मी शंभरदा सांगितला. गर्दी वाढवली, गाड्या वाढवल्या. साहेबांना वाटलेली भीती त्यात कधीच नव्हती.

बबनने रेघांवरून अंगठा फिरवला. "शेठ, इथं पण मारायचं पॉलिश?"

"नको रे," म्हटलं. "तेवढं राहू दे."