तीन घरांवरचं माहेर

मथुराबाईचं सासर अन् माहेर एकाच गल्लीत. मधी फक्त तीन घरं. सासूशी वाजलं की ती रुसून माहेरी जाई, चहा पिऊन परत येई, तरी चुलीवरची भाजी लागलेली नसे. तापीकाठच्या आमच्या गावात एवढं सोयीचं लगीन दुसऱ्या कोणाचं झालं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या मोठ्या कडुलिंबाला झोका बांधतात. माहेरी आलेल्या लेकी त्यावर बसून गाणी म्हणतात. मथुराबाईनं एकही आखाजी सोडली नव्हती. तिचा झोका असा उंच जाई, की खालच्या बाया गाणं सोडून देवाचं नाव घेत.

यंदा झोक्याचा कारभार तिच्या नातवाकडे, ललितकडे आला. त्यानं बुंध्याला पुठ्ठा टांगला: साठीच्या वरच्यांनी झोक्यावर बसू नये. त्यांच्यासाठी खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, गळ्यात हार अन् सन्मानाची शाल. भर वैशाखात, लोकरीची.

म्हातारीनं जाब विचारला, तर तो लाडानं म्हणाला, "आजी, तू आरामशीर बस. ह्या उमरमधी रिस्क कायले घ्यायची?"

"गेल्या साली झोक्यावरून पडलं कोन? तुहा दोस्त चेतन. मंग जवान पोट्ट्यांले बंदी घाल ना."

ललितनं हसून तिचा गालगुच्चा घेतला, तान्ह्या बाळाचा घेतात तसा. तिथंच तो चुकला.

मथुराबाईनं पिशवी भरली, ओट्यावर बसली अन् धाकट्या भावाला, निंबाला, निरोप धाडला: मले न्यायले ये. आमच्याकडची रीत अशी, की आखाजीला भाऊ येऊन बहिणीला घेऊन गेला की त्या दिवशी सासरच्या माणसाचा शब्द तिच्यावर चालत नाही. माहेरवाशीण म्हणेल ते खरं.

निंबाही सत्तरीचाच. तो केळीचा टेम्पो घेऊन आला. गल्ली अरुंद, म्हणून उलटा आला, मागं घेतानाचा बाजा वाजवत. सगळी गल्ली दारात. मथुराबाई पिशवी मांडीवर घेऊन ऐटीत पुढं बसली. सून हसू दाबत म्हणाली, लवकर या परत. तीन घरं जायला निंबानं एवढा वेळ लावला, की पायी निघालेली कोंबडी आधी पोचली.

भावाच्या घरचं पाणी पिऊन बाई थेट लिंबाखाली. ललित आडवा झाला.

"आजी, नियम आहे."

"कोनाची आजी? मी आज निंबाची बहीन आहे. सासरच्या मानसानं बाजूले व्हावं."

ललित बाजूला झाला. निंबानं आपल्या सन्मानाची शाल काढली, घडी करून झोक्याच्या पाटावर टाकली अन् बहिणीला झोका दिला. पहिल्या झोक्याला काही नाही. दुसऱ्याला निंबाची टोपी तिच्या पायासंगं वर गेली.

ते पाहून खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या चुळबुळल्या. रजनीबाईचा भाऊ दूर खंडव्याला, ती म्हणाली, निंबाभाऊ, मलेही बहीन मान. मग काय, एकेकीनं हार काढला अन् टेम्पोत चढली. बाजा वाजवत निंबा दिवसभर एकेकीला आपल्या घरी माहेरपणाला नेऊन, पाणी पाजून लिंबाखाली आणत राहिला.

झोका द्यायला उरला ललित. दुपार कलेपर्यंत देऊन देऊन त्याचे खांदे गेले अन् तो रिकाम्या खुर्चीत कोसळला. रजनीबाईनं आपली सन्मानाची शाल त्याच्या अंगावर टाकली.

मथुराबाई वरून जाता जाता म्हणाली, "बस पोरा, आरामशीर बस."