अण्णांचा कॅमेरा आणि विद्याचं डोहाळजेवण

पावसाला मी घाबरत नाही. मी अण्णांना घाबरतो.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ही मंडळी बंगळुरूच्या चामराजपेटेत इतक्या पिढ्या राहिली आहेत, की त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पुणेकर आईनं मला हळूच विचारलं होतं, "आपल्याबद्दल बरं बोलतायत ना रे?" अण्णांच्या मिशा भरघोस, आवाज घोगरा आणि सगळा जीव एका कॅमेऱ्यात! तो घेऊन ते सुट्टीचा अख्खा दिवस तळ्याकाठी बसतात आणि एका पाणकावळ्याचा फोटो घेऊन घरी येतात. त्या कॅमेऱ्याच्या कपाटासमोरचा केरही घरातले लोक लांबूनच काढतात.

तर धाकट्या मेहुणीचं, विद्याचं, डोहाळजेवण ठरलं. ते बागेतलंच करायचं हा सासूबाईंचा हट्ट, आणि आनेकलजवळ त्यांच्या भावाची चिकूची बाग होती. सध्या रोज दुपारी पाऊस येतोय हे सासूबाईंना सांगायची कुणाची टाप नव्हती. अण्णा पाहुण्यांच्या सरबराईत अडकणार, म्हणून फोटोंचं काम माझ्याकडे आलं. (मी एकदा मोबाइलवर एक सूर्यास्त टिपला होता आणि माझ्या बायकोनं, मेधानं, तो माहेरी सगळ्यांना दाखवला होता. त्याची ही शिक्षा!)

अण्णांनी हात धुऊन, पुसून कॅमेरा माझ्या स्वाधीन केला.

"भावोजी, स्वल्प जपून हं. पाऊस आला तर पिशवी घालायची, काच तेवढी बाहेर. पाणी आत गेलं की काचेवर बुरशी धरते."

"मग?"

"मग काय? संपलं!"

कोण संपलं, कॅमेरा की मी, हे त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी मी तयारीला लागलो. सासूबाईंनी धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या मी झाडून सगळ्या काढल्या. एकीत कॅमेरा, त्यावर दुसरी, त्यावर तिसरी, मध्ये बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या आणि सर्वांत वर मेधाची अंघोळीची गुलाबी टोपी! सगळ्याला रबरबँड.

"अहो, याची काच कुठंय?" मेधानं विचारलं.

"आत आहे. सुरक्षित आहे."

"आणि फोटो?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

बागेत पोचलो. फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर विद्या हिरवी साडी नेसून बसली. "भावोजी, फोटो!" असा एकच गलका झाला. मी वर पाहिलं. आभाळ काळंकुट्ट. "जरा उघडू दे, मग काढतो," म्हणालो. बायका ओटी भरून गेल्या, आभाळ काही उघडलं नाही. उलट माझ्या मनगटावर एक थेंब पडला. मग दुसरा. शेजारच्या पत्र्याच्या शेडकडे धावलो, तर तीही चार ठिकाणी गळत होती!

शेडमधल्या टेबलावर स्टीलचे दोन मोठे डबे दिसले. घट्ट झाकणाचे, लखलखीत, कोरडे. देवच पावला! मी उजवा डबा उघडला. एवढ्या थोरल्या डब्यात एकच पेढा. (इथे कुणालाही शंका यायला हवी होती. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल आधी पळते, पाय मागून.) पेढा ठेवायचा कुठे? मी तो तोंडात टाकला, कॅमेरा डब्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात पाऊस कोसळला आणि सगळं डोहाळजेवण शेडमध्ये शिरलं. सासूबाईंनी विद्याला त्या दोन डब्यांसमोर बसवलं.

"हं, विद्या, एक निवड. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी!"

माझ्या घशात पेढा अडकला. आमच्याकडे पुण्यात हे दोन वाट्या झाकून करतात हो! वाट्यांना मुंग्या लागतात म्हणून सासूबाईंनी डबे घेतले होते, हे मला कोण सांगणार?

"डावा!" मी ओरडलो. "विद्या, डावा घे!"

"तुम्ही कशाला मध्ये बोलता?" मेधा डाफरली. "तिचं तिला निवडू दे."

"भावोजींना भाची हवीय!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"भावोजी, बेग बेग, लवकर!" अण्णा मागून गरजले. "हाच फोटो मुख्य! चुकवू नका!"

मी दोन्ही रिकामे हात कॅमेरा धरल्यासारखे डोळ्यांसमोर धरले. का, ते मलाही माहीत नाही. विद्याचा हात डावीकडे गेला, थबकला आणि उजव्या डब्यावर आला.

"अम्मा, जड आहे गं!"

"जड असलं तर चांगलंच. बाळ गुटगुटीत!"

झाकण निघालं. आतून गुलाबी टोपी घातलेलं काहीतरी वर आलं.

"अय्यो! आणि पेढा?" सासूबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"तो... मी खाल्ला."

विद्या पोट धरून हसायला लागली आणि मला तिचीही धास्ती वाटली. दुसऱ्या डब्यातली बर्फी तिनं लगेच खाऊन टाकली; भावोजींचा भरवसा नाही, म्हणाली. मी मात्र अण्णांकडे बघत होतो. त्यांनी टोपी ओळखली नव्हती, पण आतला आकार ओळखला होता. ते सावकाश पुढे आले. एक रबरबँड. एक पिशवी. दुसरी पिशवी. सासूबाई हात जोडून उभ्या, मी मेधाच्या मागे उभा. अखेर कॅमेरा बाहेर निघाला. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला, काचेवर नाक टेकवलं, बटण दाबलं. कॅमेरा सुरू झाला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "एक थेंब आत गेला नाही."

माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मग अण्णांनी दुसरं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मिशा हलल्या.

"भावोजी, यात पाणकावळाच आहे. आजचे फोटो कुठं?"

"पिशव्या सोडायची... हिंमतच झाली नाही."

अण्णा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही भीतिदायकच होतं.

आता आमच्याकडे कुठलाही समारंभ असला, की फोटोंसाठी बाहेरून माणूस येतो. त्याची बॅग सांभाळायला मी असतो. अण्णा अभिमानानं सगळ्यांना सांगतात, की या कामात आमच्या भावोजींचा हात कुणी धरू शकत नाही.